विजयमालाताईंच्या मागून म्हणा

विजयमालाचा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं सगळं रामायण त्या आवाजामुळेच घडलं. ती मूळची केम गावची. वडिलांचं रान रेल्वेच्या रुळाला लागून होतं. जेवायची वेळ झाली की आई तिला बांधावर उभी करायची आणि ती वडिलांना हाक मारायची. नेमकी तेव्हाच मालगाडी यायची. मालगाडी काही लवकर संपत नाही, आणि इकडे भाकरी निवत चाललेली. मग पोरीने मालगाडीच्या वरताण ओरडायला शिकून घेतलं. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "अगं, हितं भिंतीला भिंत हाय, जरा हळू बोल की." तिला ते कधी जमलं नाही. अजूनही जमत नाही.

नवरा कुंडलिक दुधाचा टेम्पो चालवतो. मुलगी शाळेत जायला लागली तशी विजयमाला 'शिवबाई'त कामाला लागली. शिवबाई म्हणजे अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. पाटीवर 'मातोश्री शिवबाई टेक्स्टाइल' असं लांबलचक नाव आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. मागच्या शेडमध्ये टॉवेल विणतात. पुढच्या हॉलमध्ये त्यांच्या कडा शिवायच्या, दोरे कापायचे, घड्या घालायच्या. विजयमाला आधी दोरे कापायची, मग मशीनवर बसली, मग लायनीची सुपरवायझर झाली. मागांच्या खडखडाटात बाकीच्या सुपरवायझर बायका हातवारे करून सांगायच्या. ही नुसती बोलायची आणि शेवटच्या मशीनपर्यंत ऐकू जायचं.

शेवटच्या मशीनवर सुंदरम्मा बसायची. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि कोणी डिवचलं तर दोन्ही एकदम. विजयमालाला मशीनवर बसायला तिनेच शिकवलं होतं, त्यामुळे सुपरवायझर झाली तरी ती तिला 'विजू'च म्हणायची.

त्या काळी मालक होते गुरप्पा अण्णा. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, पांढरं धोतर आणि तोंडात कानडी शिव्या. निम्म्या बायकांना कानडी येत नव्हतं, म्हणून त्या शिव्या फारशा कोणाला लागत नसत. उन्हाळ्यात पत्रा तापला की अण्णा ताकाचे हंडे आणून ठेवायचे. विजयमालाचं दुसरं बाळंतपण अडलं तेव्हा त्यांनी आपली स्वतःची जीप पाठवली होती, आणि तिचा मुलगा आज त्या जीपमुळे आहे असं ती मानते. पण अण्णांचं सगळं मर्जीवर चालायचं. सुंदरम्माचा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा तिला एका दिवसाच्या सुट्टीसाठी रडावं लागलं, कारण आदल्या दिवाळीत ती अण्णांना उलटून बोलली होती. चूक झाली की बायका ती गठ्ठ्याच्या खाली दडपून टाकत. सापडली तर शेजारणीचं नाव घेत. सगळ्या कारखान्यांत तसंच चालतं, असं सगळ्यांना वाटायचं.

मग अण्णांचा मुलगा सोमेश पुण्याहून शिकून आला आणि खुर्चीवर बसला. पोरगा सरळ मनाचा. शिवी नाही, चढा आवाज नाही. बायकांना 'ताई' म्हणायचा, आणि तेही तोंडदेखलं नाही. त्याने परदेशी गिऱ्हाईक मिळवलं. परदेशी गिऱ्हाईक नुसता टॉवेल बघत नाही, टॉवेल शिवणाऱ्या माणसांना कसं वागवता तेही विचारतं. सोमेशने ते मनावर घेतलं. आपल्या कंपनीला काही मूल्यं पाहिजेत, आणि ती भिंतीवर नव्हे तर माणसांत पाहिजेत, असं त्याच्या डोक्यात बसलं. त्यासाठी पुण्याहून एक बाई आल्या. त्यांनी सगळ्यांना गोल करून बसवलं, रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि विचारलं की तुम्हाला तुमची कंपनी कशी हवी. चिठ्ठ्या उघडल्या तर बहुतेकींनी लिहिलं होतं, पंखा.

पंखे आले, ते नाकारायचं कारण नाही. पंख्यांच्या मागोमाग भिंतीवर चार मोठे शब्द आले. विश्वास, पारदर्शकता, कुटुंबभाव, उत्कृष्टता. सुंदरम्माने पारदर्शकता हा शब्द दोनदा वाचला आणि म्हणाली, "एवढा पातळ टॉवेल कोण घेणार गं?" पुण्याच्या बाई हसल्या, पण त्यांच्या लक्षात आलं की हे शब्द भिंतीवरच राहणार.

तोडगा गुरप्पा अण्णांनी काढला. म्हातारा रोज दुपारी येऊन ऑफिसबाहेरच्या लिंबाखाली बसायचा. तो मुलाला म्हणाला, "भिंतीवरचं कोण वाचतंय की? बेलभंडार उचलायला लाव. हितली माणसं सही केलेली विसरतील, उचललेलं न्हाय विसरत." तळहातावर बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा घेऊन शब्द द्यायचा. या भागात लग्नाच्या बोलीपासून बांधाच्या भांडणापर्यंत अनेक गोष्टी त्यावर मिटल्या आहेत. सोमेशला कल्पना पसंत पडली. पुण्याच्या बाईंना तर इतकी पसंत पडली की त्यांनी ती आपल्या पुढच्या भाषणासाठी लिहून घेतली.

चार शब्दांची दोन वाक्यं झाली. पहिलं पुण्याच्या बाईंचं. चूक झाली तर लपवणार नाही. दुसरं अण्णांचं. घरची गोष्ट घराबाहेर नेणार नाही. दोन्ही चांगली. दोन्हींपैकी कुठलंही एक कोणी आपल्या दारावर लावलं असतं तर लोकांनी वाखाणलं असतं. पण या शहाण्या माणसांनी ती एकाच तळहातावर एकदम ठेवली, आणि ती कधी एकमेकांच्या आडवी येतील हे ना शिकलेल्याच्या ध्यानात आलं, ना म्हाताऱ्याच्या.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात यंत्र चालत नाही. मशीनं पुसून, तेल देऊन, झेंडूचे हार घालून ठेवलेली. कोहळा फोडला. सोलापूरजवळच्या बाळे गावच्या खंडोबाचा भंडारा परातीत आणला होता. आधी सोमेशने उचलला, मग एकेकीने. लायनीतल्या मुसलमान बायांनी छातीवर हात ठेवला. आता वाक्यं कोणी सांगायची, तर सोमेशने विचारही केला नाही. तो म्हणाला, "विजयमालाताईंच्या मागून म्हणा." ती म्हणाली आणि सगळा हॉल तिच्या मागून म्हणाला. मागच्या शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. तिच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर जो आवाज लोकांनी दाबायला सांगितला तो पहिल्यांदाच कोणी मान देऊन मागितला होता.

आणि खरं सांगायचं तर त्या शपथेने काम केलं. ऑफिसच्या दाराशी सोमेशने एक पितळेची घंटा लावली. आपली चूक आपण होऊन सांगेल तिने घंटा वाजवायची आणि बाकीच्यांनी टाळ्या. पहिल्यांदा कोणी पुढे येईना. मग एक दिवस सुंदरम्माने अख्खा गठ्ठा भलत्याच रंगाच्या दोऱ्याने शिवला. पूर्वीची सुंदरम्मा तो खाली सारून वर दुसरा गठ्ठा ठेवून मोकळी झाली असती. ती उठली, चालत गेली आणि घंटा वाजवली. सोमेशने केबिनमधून बाहेर येऊन टाळ्या वाजवल्या. जन्मभर बोलणी खाल्लेली ती बाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आपल्याशीच हसत होती. हळूहळू हॉलमधली भांडणं कमी झाली. शेजारणीवर ढकलणं थांबलं. विजयमालाला कारखाना आवडायला लागला. आपली कंपनी, असं ती घरी म्हणायची आणि तिला ते म्हणताना लाज वाटायची नाही. तिने घरातही चूक सांगायचा नेम लावायचा प्रयत्न केला. कुंडलिक म्हणाला, "आपल्यात घंटा न्हाय हे नशीब म्हणायचं."

कारखान्याच्या गेटवर मोठा फलक लागला. त्यावर विजयमालाचा फोटो, पुढे केलेला हात, हातात बेलभंडार, आणि खाली 'आमची मूल्यं, आमची माणसं'. रिक्षावाले त्या स्टॉपला शपथवाल्या बाईचा कारखाना म्हणू लागले. तिला गंमत वाटायची. तो फलक एक दिवस तिच्या गळ्यात पडेल असं तिला तेव्हा वाटलं नाही.

या वर्षी, गणपती उठल्यानंतर, परदेशी गिऱ्हाइकाची बाळांच्या टॉवेलची मोठी ऑर्डर चालू होती. एका कोपऱ्याला टोपी शिवलेला मऊ टॉवेल, न्हाऊ घातल्यावर बाळाला गुंडाळायचा. या कामात सुईचा नियम फार कडक. मशीनची सुई तुटली तर मशीन थांबवायचं, सगळे तुकडे शोधायचे, जुळवून सुई पुरी होते का बघायचं. एक कण जरी कमी पडला तरी त्या लायनीचा माल बाजूला काढायचा आणि धातू पकडणाऱ्या यंत्राखालून एकेक नग घालायचा. टॉवेलवरच्या दोऱ्यांच्या बारीक फासांत सुईचं टोक अडकलं तर डोळ्यांना दिसत नाही, आणि तो टॉवेल बाळाच्या अंगाला लागणार असतो.

सुंदरम्माच्या मशीनवर सुई तुटली. तिने लगेच हात वर केला. मशीन थांबलं. सगळ्या मिळून शोधलं. लोहचुंबक फिरवून झालं, फरशी झाडून झाली, केर चाळून झाला. सुई जुळवली तर टोक नाही. आणि धातू पकडणारं यंत्र नेमकं बिघडलेलं, त्याचा भाग पुण्याहून यायचा होता. कंटेनर गेटवर उभा. विजयमाला सोमेशकडे गेली आणि जसं झालं तसं सांगितलं.

सोमेश उठून हॉलमध्ये आला. स्वतः फरशीवर गुडघे टेकून त्याने बघितलं. गठ्ठ्यांवरून पुन्हा चुंबक फिरवायला लावलं. काही लागलं नाही. मग तो बराच वेळ खिडकीशी फोनवर बोलत राहिला. जहाज चुकलं तर ऑर्डर रद्द, आणि ही ऑर्डर गेली तर पुढची वर्षभराची बोलणी गेली. परत आला तेव्हा त्याने घंटेकडे पाहिलं नाही.

"ताई, टोक केरात गेलं असणार," तो म्हणाला.

"गेलं असंल. पण सापडलं न्हाय, मालक."

"चुंबकाला लागलं नाही म्हणजे मालात नाही. माल भरा." आणि सगळ्यांकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "झालं ते झालं. घरची गोष्ट आहे. घरातच राहू द्या."

माल गेला. सुंदरम्माला कोणी घंटा वाजवायला सांगितली नाही आणि तीही उठली नाही.

पहिले काही दिवस विजयमालाने मनाची समजूत घातली. चूक झाली, आपण लपवली नाही, जिथे सांगायची तिथे सांगितली. आपली शपथ पुरी झाली. पण ही समजूत दुपारच्या जेवणापर्यंतच टिकायची. कारण जेवायला सुंदरम्मा शेजारी बसायची. तिच्या मुलीला हैदराबादला नुकताच मुलगा झाला होता. बाद झालेल्या मालातला एक टोपीचा टॉवेल सुंदरम्माने मागून घेऊन नातवाला पाठवला होता, आणि त्यात गुंडाळलेल्या नातवाचा फोटो ती येईल त्याला दाखवायची. सुई तुटल्यापासून तिने फोटो दाखवणं बंद केलं. डब्यातली कडक भाकरी आमटीत चुरून ती नुसती कालवत बसायची. एकदा म्हणाली, "विजू, ते बाळ कुणाचं असंल गं?"

"कुठलं बाळ?"

"ज्याला तो टॉवेल जाईल."

विजयमालाने डबा झाकला. त्या दिवशी तिने जेवण केलं नाही.

ती पुन्हा सोमेशच्या केबिनमध्ये गेली. जहाज अजून समुद्रात होतं. तिकडे कळवलं तर माल उतरल्यावर पेट्या उघडून तपासता येतील, एवढं तिला कळत होतं. सोमेशलाही ते कळत होतं. त्याचे डोळे ओढलेले दिसत होते.

"ताई, कळवलं तर ते काय म्हणतील? टोक सापडलं नाही आणि तरी तुम्ही माल पाठवला, असंच ना? मग पुढचा माल आपल्याकडून कोण घेईल? एवढ्या बायका कुठे जातील?"

"ते खरं हाय. पण आपण उचललंय, मालक."

"दोन्ही उचललंय," सोमेश म्हणाला. त्यात दटावणी नव्हती. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. शिव्या देणारा मालक असता तर ती भांडली असती. या माणसाने तिला ताई म्हटलं होतं, पंखे दिले होते, सुंदरम्मासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. जाताना त्याने सांगितलं की या खंडेनवमीला परदेशी गिऱ्हाइकाच्या कंपनीतली बाई मुद्दाम येणार आहे. आपल्या शपथेबद्दल सोमेशने तिला इतकं लिहिलंय की तिला ती डोळ्यांनी बघायची आहे. "आणि तुम्हीच म्हणायची, ताई. तुमच्याशिवाय होणार नाही."

ती बाहेर आली आणि लिंबाखाली बसलेल्या अण्णांपुढे उभी राहिली.

"अण्णा, एक पाळायला गेलं की दुसरं मोडतंय. काय करू?"

अण्णांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी कपाळावरची विभूती बोटाने उगाच सारखी केली. "त्या वेळी ध्यानात आलं न्हाय बघ," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघालं हेच नवल. मग म्हणाले, "बाळ्याला जा. खंडोबाला सांग, भंडारा परत वाहा. माणूस सुटतोय त्याच्यातनं."

रविवारी ती कुंडलिकला घेऊन बाळ्याला गेली. भंडारा उधळला जात होता, लोकांची तोंडं पिवळी झाली होती. ती देवापुढे मूठ धरून उभी राहिली. शपथ परत करायची ठीक, पण कोणती? पहिली परत केली तर ती लबाड ठरली. दुसरी परत केली तर तिच्या लायनीतल्या बायकांच्या पोटावर पाय देणार. मागून रेटा आला, पुजारी पुढे सरका म्हणाला, आणि ती तशीच मूठ घेऊन बाहेर आली. कुंडलिकने विचारलं, "वाहिलास का भंडारा?" ती न्हाय म्हणाली. तो म्हणाला, "मग सोड ती नोकरी. दुसरीकडं बघ." तिने तेही करून बघितलं. जवळच्याच एका कारखान्यात गेली. तिथल्या मॅनेजरने तिला फलकावरून ओळखलं आणि हसून हात जोडले. "नको बाई. तुमी शपथवाल्या. आमच्यात तसलं कायबी न्हाय." ती फलकातून बाहेर पडू शकत नव्हती, हे तिला तेव्हा नीट कळलं.

शेवटी तिने घसा बसल्याची बतावणी केली. हातवारे करून बोलू लागली. सोमेशने ज्येष्ठमध आणून दिला, डॉक्टर बोलावला. डॉक्टरने घशात बॅटरी घालून बघितलं आणि घसा ठणठणीत असल्याचं सांगितलं. सोमेशला आनंद झाला. लायनीतल्या बायकांना मात्र बतावणी कळली होती. एक जण धुण्याच्या हौदाशी तिला म्हणाली, "ताई, तुमच्या मनात काय हाय ते कळतंय. पण आमची पोरंबाळं हायत. तुमच्याच मागं सगळ्या चालणार, एवढं ध्यानात ठेवा." सांगणारीच्या डोळ्यांत पाणी होतं. विजयमालाने तिच्या हातातली बादली घेऊन भरून दिली.

खंडेनवमी आली. मशीनं पुसली, हार घातले. पाहुणी आली, उंच, पिकल्या केसांची, साधी. कोणीतरी तिला जरीकाठी शेला दिला होता तो तिने खांद्यावर नीट घेतला. सुंदरम्माच्या मशीनला हळदकुंकू लागलं तेव्हा तिने वाकून हात जोडले. तिला मराठी येत नव्हतं आणि दुभाष्या वेगळा नव्हता. सोमेशच प्रत्येक गोष्ट तिला इंग्रजीत सांगत होता. कोहळा का फोडला, बेल कशासाठी, भंडारा कुठला. ती मान डोलवत होती.

सोमेशने पहिल्यांदा बेलभंडार उचलला. मग एकेकीने उचलला. अण्णांनी उचलला. सगळ्या हॉलमध्ये पिवळ्या तळव्यांची रांग लागली. सोमेश म्हणाला, "विजयमालाताईंच्या मागून म्हणा."

  विजयमालाने हातातल्या पानाकडे बघितलं. हात पुढे धरून आणि बेल उचलून हे वाक्य म्हणायचं, आणि मनात ते टोक दडवून ठेवायचं, हे तिच्याच्याने होणार नाही, एवढंच तिला समजलं. त्यापुढचं तिने काही ठरवलं नव्हतं.

"आम्ही शिवबाईची माणसं," ती म्हणाली.

"आम्ही शिवबाईची माणसं," सगळा हॉल म्हणाला.

"आमच्या लायनीवर सुई तुटली."

माणूस सवयीचा असतो. लायनीवर रोज जिच्या सांगण्याने चालायचं तिच्या मागून तोंड आपोआप उघडतं. "आमच्या लायनीवर सुई तुटली," हॉल म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते एकेकीच्या ध्यानात आलं.

"तिचं टोक सापडलं नाही."

या वेळी निम्मेच आवाज आले. काहींनी खाली बघितलं. सोमेशचा चेहरा उतरला.

"टोक न सापडता माल गेला."

 मग शेवटच्या मशीनपासून एकच आवाज आला, तेलुगू वळणाचा, चिरका. "टोक न सापडता माल गेला," सुंदरम्मा म्हणाली. तिच्या शेजारची म्हणाली. धुण्याच्या हौदाशी रडलेली म्हणाली. मग बऱ्याच जणी म्हणाल्या, कोणी रागाने, कोणी रडत.

"चूक झाली तर लपवणार नाही," विजयमाला म्हणाली, आणि ते मात्र सगळ्या एकदम म्हणाल्या. दुसरं वाक्य तिने म्हटलं नाही. ते म्हणायचा तिला आता हक्क उरला नव्हता.

पाहुणीला काही कळलं नव्हतं. तिने ते आवाज ऐकले, ओले डोळे बघितले आणि मनापासून टाळ्या वाजवल्या. मग सोमेशकडे वळून तिने हसत काहीतरी विचारलं. काय विचारलं ते इंग्रजी न येणाऱ्यांनाही समजलं. या बायका आत्ता काय म्हणाल्या, हेच ती विचारत होती.

सोमेश विजयमालाकडे वळला. "ताई," तो म्हणाला, "त्या विचारतायत तुम्ही काय म्हणालात. सांगा त्यांना."

तिला त्याची फार दया आली. इतके दिवस ती जिथे उभी होती तिथे आता तो उभा होता, आणि त्या जागेत दोघांना पुरेल एवढीही हवा नव्हती. पण ती मागे सरली नाही.

"मला इंग्रजी येत न्हाय, मालक," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज हळू निघाला. "तुमीच सांगा."

सोमेशच्या तळहातावर बेलभंडार अजून तसाच होता. घामाने भंडारा ओला होऊन मनगटावर ओघळ आला होता. त्याने वडिलांकडे बघितलं. अण्णांनी मान खाली घातली.  मग तो पाहुणीकडे वळला आणि इंग्रजीत बोलायला लागला. विजयमालाला त्यातलं काही कळेना. तो खरं सांगतोय की वेळ मारून नेतोय, तिला ओळखता येईना. ती फक्त त्याच्या ओठांकडे बघत होती. तेवढ्यात त्याच्या बोलण्यात एक शब्द आला. तो लायनीतल्या प्रत्येकीला ठाऊक होता, सुईच्या नियमाच्या पाटीवरचा.

नीडल.

पाहुणीचे जुळलेले हात तसेच राहिले आणि हसू गेलं. सोमेश बोलत होता. उद्या मशीनं चालू होतील की नाही, ते हॉलमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. हात खाली घ्यायचा की धरून ठेवायचा हेही कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून सगळ्या विजयमालाकडे बघत होत्या. तिने हात तसाच पुढे धरून ठेवला, आणि तिच्या मागून सगळ्यांनी.